इंडी ईपीचं पाकीट, २०० प्रती, मुंबई: कागद, डाय, छपाई आणि देवनागरी मजकूर याबद्दल सल्ला हवा

उत्तररात्र

नमस्कार मंडळी,

तिघांचा मराठी इंडी बँड आहे. सहा गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, मास्टर होऊन तयार आहे, एकूण २६ मिनिटं. गाणी स्ट्रीमिंगवर एकेक करून येत आहेत आणि नोव्हेंबरच्या शेवटी लोअर परळला लाँचचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी टेबलावर हातात घेता येईल अशी वस्तू हवी. २०० प्रती.

सीडी काढावी, कॅसेट काढावी, की डाउनलोड कोड असलेली नुसती पुस्तिका पुरेल? सीडी काढली तर प्लास्टिकची डबी नको, पुठ्ठ्याचं पाकीट हवं. तपकिरी क्राफ्ट कागदावर एकरंगी काळी छपाई डोक्यात आहे, कारण बऱ्याच इंडी रेकॉर्ड तशा दिसतात. मुखपृष्ठाचं चित्र मात्र दोन रंगांत आहे, सपाट रंग, गिरणीची चिमणी आणि तिच्यावरून जाणारा उड्डाणपूल. सगळा मजकूर मराठीत, गाण्यांचे शब्दही छापायचे आहेत. मुंबईत हे काम कुठे आणि कोणत्या क्रमाने करून घ्यावं? माहितगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बी-साइड

आकार आणि कागदाच्या आधी हे पाकीट कोणाच्या हातात जाणार ते नक्की करा. बाकीचे निर्णय तिथून निघतात.

एसटी स्टँडवर, फुटपाथवर मिळणाऱ्या लोकगीतांच्या आणि भीमगीतांच्या कॅसेटची कव्हरं आठवा. गायकाचा मोठा फोटो, ठसठशीत नाव, भडक रंग. ते अगदी बरोबर होतं. गिऱ्हाइकाने गाणी ऐकलेली नसायची, चेहरा लांबून ओळखून तो कॅसेट उचलायचा. कव्हरचं काम विकण्याचं होतं. तुमचा श्रोता याच्या उलट आहे. गाणी त्याने फोनवर ऐकलेली असतात, एखादं पाठही असतं, आणि कार्यक्रम संपल्यावर तो स्वतःहून टेबलाशी येतो. त्याला पटवायचं काही शिल्लक नसतं. घरी नेऊन ठेवावी अशी वस्तू त्याला हवी असते, आणि पैसे बँडपर्यंत पोचतात हे कळायला हवं असतं. म्हणून मुखपृष्ठावर चेहरा नसला, नाव बारीक असलं तरी चालतं. आतले शब्द, श्रेयनामावली आणि कागद यांत मात्र कसूर चालत नाही.

दुकानाचाही मुद्दा आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं मोठं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मोठ्या दुकानातल्या फळीवर शेकडो डब्यांत तुमची डबी उठून दिसावी ही गरज मुंबईत जवळपास संपली. माहीमच्या द रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या रेकॉर्डच्या दुकानात येणारा माणूस काय घ्यायचं ते माहीत असलेला असतो.

क्राफ्टबद्दल. इंडीचं जे 'साधं' रूप आपण ओळखतो ते चवीतून कमी आणि हाताशी असलेल्या स्वस्त साधनांतून जास्त आलं. स्क्रिटी पोलिटी या ब्रिटिश बँडने १९७८ च्या पहिल्या सिंगलच्या झेरॉक्स केलेल्या कव्हरवर निर्मितीचा खर्च तपशीलवार छापला. क्रास या ब्रिटिश पंक बँडने कव्हरवर किंमत छापली आणि त्याहून जास्त देऊ नका असं ग्राहकाला सांगितलं. वॉशिंग्टनच्या डिसकॉर्ड या रेकॉर्ड कंपनीने पहिल्या सात इंची रेकॉर्डसाठी एक तयार कव्हर उकलून त्याचा आराखडा काढला आणि आपली कव्हरं हाताने कापून, दुमडून चिकटवली. ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने १९८७ ते १९९५ या काळात घडीचं कागदी कव्हर, सोबत पोस्टर किंवा चिठ्ठी, आणि वरून प्लास्टिकची पिशवी असा साधा संच विकला. प्रत्येक ठिकाणी श्रोत्याला दिसत होतं की हे कोणी, कशाने आणि किती पैशांत बनवलं.

मुंबईत हाताशी काय आहे? चार रंगांची डिजिटल छपाई इथे गल्लोगल्ली मिळते. आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं स्क्रीन प्रिंटिंग, फॉइल, एम्बॉसिंग, पंचिंग (डाय लावून आकार कापणं) इतकं तयार आहे की ते आपलं खरं स्थानिक कसब आहे. तुमचं चित्र सपाट दोन रंगांचं असेल तर ते स्क्रीनसाठीच जन्मलंय. क्राफ्ट गाण्यांना हवा असेल तर घ्या, इंडी 'दिसावं' म्हणून नको. चिमणी आणि उड्डाणपूल यांना तपकिरी कागदाची गरज मला तरी दिसत नाही.

टेबलामागे

सीडी काढा. घरी सीडी प्लेअर नसलेले लोकही विकत घेतात, कारण ते पाकीट घेत असतात. सव्वाशे मिलिमीटरच्या चौकोनावर चित्र नीट दिसतं, कॅसेटच्या ६५ मिमी रुंदीत पूल आणि चिमणी दोन्ही मावणार नाहीत. पाकीट चपटं असल्याने बॅगेत जातं, पोस्टाने पाठवायला सोपं. डाउनलोड कोड मात्र प्रत्येक प्रतीत हवाच.

ओली_शाई

थोडा वेगळा विचार मांडते. ज्याच्याकडे प्लेअरच नाही त्याला चकती देण्यापेक्षा १६ पानांची रिसो पुस्तिका आणि कोड द्या. रिसो म्हणजे रिसोग्राफ, स्टेन्सिलने एकेक रंग छापणारं, झेरॉक्ससारखं दिसणारं मशीन. बॉम्बे झाइन फेस्टला, म्हणजे स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिकांच्या मेळ्याला, येणारा वाचक आणि तुमचा श्रोता यांत बरीच माणसं सामाईक आहेत. दोन सपाट रंग म्हणजे रिसोचं काम.

पुस्तिका नको असेल तर निदान आतला शब्दांचा कागद रिसोवर करा. काही गोष्टी आधीच सांगते. रिसो कमाल ए-३ पर्यंत छापतं आणि कडेपर्यंत रंग जात नाही, सगळीकडे किमान ८-१० मिमी कोरं सोडून नंतर कापायचं. कोटेड कागद चालत नाही, शाई त्यात मुरतच नाही. २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, कागदाचं वजन) पुढे मशीन कागद नीट ओढत नाही. फाइल रंगागणिक वेगळी, ग्रेस्केल, ६०० डीपीआय. दोन रंग एकमेकांपासून १-२ मिमी सरकतात, म्हणून चिमणीच्या रंगाखाली आकाशाचा रंग कापून पांढरी जागा ठेवू नका. एकावर एक छापू द्या, तिसरा रंग आपोआप मिळेल. मोठे भरीव ठोकळे १०० टक्क्यांऐवजी ८५ टक्क्यांवर ठेवा, नाहीतर दुसऱ्या रंगाला कागद आत जाताना रोलरचे काळे पट्टे उमटतात. आणि ही शाई पूर्ण कधीच वाळत नाही, पांढऱ्या कपड्याला घासली तर लागते. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला रिसो नकोच.

गिरणगाव_ऑडिओ

ओली_शाई, पुस्तिकेची कल्पना चांगली आहे, पण सहा गाण्यांच्या ईपीचा क्रम ऐकणाऱ्याने पाळावा असं बँडला वाटत असेल तर चकतीला पर्याय नाही.

२०० प्रतींसाठी रेप्लिकेशन, म्हणजे कारखान्यात साच्यातून चकत्या काढणं, परवडत नाही. काचेच्या मास्टरचा खर्च ठरलेला असतो आणि साधारण ५०० च्या पुढे तो वसूल होतो. त्यामुळे सीडी-आर डुप्लिकेशन, म्हणजे कोऱ्या चकत्यांवर बर्न करणं. मास्टर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. बर्न करताना 'डिस्क अॅट वन्स' सांगा, नाहीतर सलग वाहणाऱ्या गाण्यांमध्ये दोन सेकंदांचा खड्डा पडतो. चकतीवर छपाई थेट करून घ्या. कागदी स्टिकर लावू नका: गोंद उष्णतेत सुटतो, चकतीचा तोल जातो, गाडीतल्या स्लॉट प्लेअरमध्ये अडकते. हाताने क्रमांक घालायचे असतील तर पाण्याच्या शाईचं मार्कर. सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून पाकिटावर 'उन्हात ठेवू नये' एवढी ओळ छापली तर श्रोत्याचं भलं होईल. आयएसआरसी कोड (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) गाण्यांच्या माहितीत जातात, ते पाकिटावर छापायची गरज नाही. भारतात ते इंडियन म्युझिक इंडस्ट्रीकडून मिळतात.

डबलक्रीज

पाकिटाचं माप देते. हे १३×१९ इंची डिजिटल शीटवर बसतं आणि स्क्रीनलाही चालतं.

चकती १२० मिमी. कोऱ्या पुठ्ठ्याच्या आत नुसती चकती सरकवली तर ओरखडे येतात, म्हणून आत पातळ न-विणलेल्या कापडाची किंवा कागदाची १२५ मिमीची पिशवी हवी. ती धरून पाकिटाची बाजू १२८ मिमी ठेवा. पुढची बाजू १२८, कणा ३, मागची बाजू १२८, एकूण २५९ मिमी. मागच्या बाजूला वर आणि खाली चिकटवण्याच्या पट्ट्या, प्रत्येकी १२ मिमी, म्हणजे उंची १५२. चकती उजवीकडून आत जाते. उजव्या कडेला मधोमध २० मिमीचा अर्धगोल कापून घ्या, नाहीतर बोटाने ओढताना तोंड फाटतं.

१३×१९ म्हणजे ३३०×४८३ मिमी. २५९ ची बाजू आखूड दिशेला ठेवली की १५२ च्या तीन रांगा लांब दिशेला बसतात: ४५६, अधिक मधल्या जागा. पट्ट्यांवर छपाई नसल्याने तिथे ब्लीड (कापायच्या रेषेपलीकडे वाढवलेली छपाई) नको, चित्र फक्त ३ मिमी पट्टीवर चढवा. एका शीटमध्ये तीन पाकिटं. २०० प्रतींना ६७ शीट, वेस्टेज धरून ८५ मागवा. डिजिटलमध्ये पहिली दहा-बारा शीट रंग जुळवण्यात आणि पंचिंग लावण्यात जातातच.

धागा, म्हणजे कागदाचा ग्रेन, या कामाचा प्राण आहे. या मांडणीत तिन्ही कणे ४८३ च्या दिशेने धावतात, म्हणून लाँग ग्रेन शीट मागा. ग्रेन आडवा आला तर घडीवर शाई तडकते आणि कणा पांढरा दिसतो. काळ्या किंवा गडद पाकिटावर हे सगळ्यात आधी दिसतं. दुकानात तपासायचं असेल तर शीटचा कोपरा दोन्ही दिशांना हलकेच वाकवा. जिकडे सहज वाकतो त्या घडीला ग्रेन समांतर आहे.

कागद: ३०० जीएसएम एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड. तेवढ्याच वजनाच्या आर्ट कार्डापेक्षा जाड आणि ताठ असतो. ३५० घेतला तर ३ मिमीचा कणा गोल होतो. डुप्लेक्स स्वस्त आहे, पण मागची करडी बाजू पाकिटाच्या आत दिसते आणि आतलं तोंड औषधाच्या खोक्यासारखं वाटतं. क्राफ्टचाच हट्ट असेल तर ३०० चा घ्या, पण त्यावर डिजिटल चार रंग छापू नका. शाई पारदर्शक असते, निळा हिरवट होतो, पिवळा नाहीसाच होतो.

क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेणं: ३ मिमी कणा म्हणजे दोन समांतर क्रीज. ३०० जीएसएम एफबीबी साधारण ०.४५ मिमी जाड. क्रीज पट्टी २ पॉइंटची म्हणजे ०.७१ मिमी. पट्टीसमोरच्या खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट अधिक पट्टीची जाडी, म्हणजे १.४ मिमीच्या आसपास. खाच अरुंद असली तर पुठ्ठा चिरतो, रुंद असली तर घडी भटकते. डाय बनवणाऱ्याला हे आकडे सांगण्याऐवजी प्रत्यक्ष छपाईचाच कागद नेऊन द्या, तो त्यावर पट्टी बसवेल. नमुना म्हणून दुसरा कुठलाही पुठ्ठा दिला की खाच चुकते.

पंचिंगमध्ये अर्धा ते एक मिमी इकडे-तिकडे होणारच. त्यामुळे कण्याला वेगळा रंग देऊ नका. पुढच्या बाजूचा रंग कण्यावरून मागे ५ मिमी तरी जाऊ द्या, मग सरकलेलं कळत नाही. बॉर्डर तर अजिबात नको, कडेला २ मिमीची चौकट असेल तर प्रत्येक प्रत वाकडी वाटेल.

चिकटवणं. त्या ३ मिमीपलीकडे पट्टीवर शाई, वॉर्निश, लॅमिनेशन काहीही येता कामा नये. साधा पांढरा फेव्हिकॉल जास्त लावला की पाण्याने पुठ्ठा पाघळतो आणि वाळताना पाकीट धनुष्यासारखं वाकतं. २०० प्रती हातानेच चिकटवणार असाल तर ६ मिमीची दुहेरी टेप घ्या, पट्टीच्या बाहेरच्या कडेपासून २ मिमी आत लावा. टेपची कड बाहेर आली तर आतल्या पिशवीला चिकटते. आधी घडी, मग एक रिकामी चकती आत ठेवून दाब, मग चकती काढायची. अशाने तोंड आवळत नाही.

लॅमिनेशन करायचं असेल तर मॅट. एका बाजूला फिल्म असल्यामुळे दमट हवेत पुठ्ठा उघड्या बाजूने ओलावा ओढतो आणि फिल्मच्या दिशेने वळतो. पावसाळ्यात हे फार होतं. तुमचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात पडेल, म्हणून मी तर लॅमिनेशनशिवायच सुचवेन. स्क्रीनची शाई स्वतःच टिकाऊ असते.

शाईवाला

डबलक्रीज ताईंच्या मापाला पूर्ण अनुमोदन. छपाईबद्दल लिहितो.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या पट्ट्यात पत्रिकांची दुकानं आहेत. बहुतेकांचं स्क्रीनचं काम मागे किंवा दुसरीकडे चालतं, म्हणून काउंटरवर न थांबता 'छपाई कोण करतं' असं विचारून कारागिराला फाइल दाखवा. डिजिटल, पंचिंग आणि लॅमिनेशन एका ठिकाणी हवं असेल तर लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटी, शहा अँड नहार आणि आसपास. पिशव्या, टेप, खोकी यांसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि मशीद बंदर.

तारखेची काळजी सगळ्यात आधी करा. दिवाळीच्या आधी कॅलेंडरं, डायऱ्या आणि मिठाईच्या बॉक्सची कामं असतात, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची. नोव्हेंबरच्या शेवटी माल हवा तर फाइल नवरात्राच्या आधी द्यायला हवी. दिवाळीत कारागीर गावी गेला की पंचिंग अडकतं, आणि पंचिंग अडकलं की चिकटवणं राहतं.

स्क्रीनसाठी ७७टी जाळी (सेंटीमीटरला ७७ धागे) ठीक. छटा नकोत, सपाट रंगच द्या. छटा अगदी हवीच असेल तर ४० लाइनच्या (इंचाला ठिपक्यांच्या ४० रांगा) आत ठेवा, नाहीतर जाळी आणि ठिपके यांची मॉरे नक्षी उमटते. दोन रंगांत अर्धा मिमी ओव्हरलॅप ठेवा. गडद कागदावर पांढरा किंवा फिकट रंग एका हातात झाकत नाही, दोन हात लागतात, भाव विचारतानाच सांगा. दोन्ही रंग एकाच दिवशी मारून घ्या. रात्रीत पुठ्ठा ओलावा ओढून फुगतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा रंग बसत नाही. कोऱ्या कागदाचं बंडलही छपाईच्या खोलीत आधी एक रात्र उघडून ठेवायला सांगा.

सोनेरी फॉइलचा मोह पत्रिकावाल्याकडे हमखास होतो. एखाद्या छोट्या जागी, चिमणीच्या टोकाला म्हणा, फॉइल छान दिसेल. पण ब्लॉक वेगळा बनवावा लागतो आणि पंचिंगच्या आधी मारावं लागतं.

उत्तररात्र

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. पाकीट स्क्रीनवर आणि आतला कागद रिसोवर असं ठरतंय. आतला कागद किती मोठा ठेवावा? सहा गाण्यांचे शब्द, प्रत्येकी १६ ते २२ ओळी. आणि कण्यावर बँडचं आणि ईपीचं नाव मराठीत हवं आहे.

वेलांटी

आधी कागद. ३६०×२४० मिमी घेतला की तो ए-३ मध्ये बसतो आणि १२०×१२० च्या सहा घड्या होतात. सहा गाणी, सहा चौकोन. मागची बाजू पूर्ण मोकळी, तिथे चित्राचं पोस्टर. आधी ३६० ची लांबी तशीच ठेवून २४० चं अर्धं करा, मग ३६० चे तीन भाग. १०० जीएसएमच्या वर जाऊ नका: सहा पदर म्हणजे साधारण पाऊण मिमी, त्यात चकती १.२ आणि पिशवी, मिळून दोन मिमीच्या थोडं वर. तीनच्या कण्यात आरामात मावतं. १३० जीएसएम घेतलात तर पाकीट घट्ट होईल. शेवटचा, आत जाणारा भाग दीड-दोन मिमी आखूड ठेवा, नाहीतर कड मुडपते.

चौकोनात ८ मिमी समास सोडला की उंची १०४ मिमी उरते. मजकूर ८ पॉइंट, ओळींतलं अंतर १२ पॉइंट म्हणजे ४.२ मिमी, म्हणजे २४ ओळी. २२ ओळींचं गाणं शीर्षकासकट बसेल, पण कडव्यांमध्ये पूर्ण ओळ रिकामी सोडायला जागा नाही, अर्धी सोडा. लॅटिनसाठी वापरतात ते ९.५ पॉइंटचं अंतर देवनागरीला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात. रिसोवर बारीक रेषा थोड्या पसरतात, म्हणून लाइट वजन नको, रेग्युलर किंवा मीडियम.

अक्षरं: मुंबईच्या एक टाइपचा मुक्त किंवा अनेक देवनागरी, दोन्ही मोफत परवान्याचे, लहान आकारात स्वच्छ वाचले जातात. शब्दांना थोडी पुस्तकी चाल हवी असेल तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शीर्षक मात्र फाँटात करू नका. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं बघा, अक्षर बघूनच नाटकाचा स्वभाव कळतो. तशी परंपरा असलेल्या भाषेत ईपीचं नाव तयार फाँटात टाइप करणं म्हणजे हातातली गोष्ट सोडून देणं आहे. कोणाकडून तरी अक्षरांकन करून घ्या, एका रंगात, व्हेक्टर.

कणा. इथे देवनागरी अडते. ३ मिमीतून सरकण्याची जागा वजा केली की २ मिमी उरतात. रोमन मोठी अक्षरं त्या दोन मिमीत पूर्ण भरतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार धरून तेवढ्यात बसवायचं असतं, म्हणजे जेमतेम ४-५ पॉइंट. स्क्रीनवर ते बुजेल. दोन वाटा आहेत: कणा ५ मिमी करा, म्हणजे ८ पॉइंटच्या आसपास मिळतात, किंवा ३ मिमीवर फक्त एखादं चिन्ह छापा. ५ मिमी केलात तर एकूण लांबी २६१ होईल, शीटवर तरीही बसेल. आत जाड काही नसताना ५ मिमी कणा दबून मध्ये खड्डा पडतो, मग आत आणखी जाड काही घालून तो भरा.

फाइल देताना. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जोडणारी सोय) चालू केल्याशिवाय टाइप केलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर पडते आणि जोडाक्षरं तुटतात. पत्रिकेच्या बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ आणि श्रीलिपीचे जुने फाँट असतात. तिथे युनिकोड मजकूर 'जरा दुरुस्त करून' घेतला की घोळ होतो. म्हणून सगळं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ द्या आणि दुरुस्ती आपल्याच फाइलमध्ये करा. आउटलाइन करण्याआधी छापील प्रूफ तिसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, 'प्रकाश' चा 'प्राकश' बँडमधल्या कुणालाच दिसत नाही, कारण शब्द पाठ असतात. ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं वर्तुळातल्या पी चं चिन्ह बऱ्याच देवनागरी फाँटांत नसतं आणि छापून रिकामा चौकोन येतो. ते दुसऱ्या फाँटातून घ्या.

ओली_शाई

वेलांटी यांनी दिलेल्या मापात एक भर. पोस्टरची बाजू आणि शब्दांची बाजू दोन्ही रिसोवर असतील तर पहिल्या बाजूनंतर किमान एक दिवस थांबून दुसरी मारा. शब्दांची बाजू एका रंगातच ठेवा, दोन रंग सरकले की ८ पॉइंट वाचता येत नाही.

टेबलामागे

विक्रीकडच्या काही गोष्टी, ज्या डिझाइन करतानाच ठरवायला हव्यात.

डाउनलोडचा क्यूआर किमान २० मिमी, फिकट जागेवर गडद, भोवती त्याच्याच चार ठिपक्यांएवढी कोरी जागा. रंग उलटे केलेला क्यूआर काही फोन वाचत नाहीत. लिंक थेट स्ट्रीमिंगची देऊ नका, आपल्या डोमेनवरून वळवा. पाकीट पंधरा वर्षं टिकेल, लिंक टिकेल याची खात्री नाही. टेबलावर यूपीआयचाही क्यूआर असतो आणि गर्दीत लोक पाकिटावरचाच स्कॅन करून पैसे देऊ पाहतात. म्हणून पाकिटावरचा क्यूआर आत, शब्दांच्या कागदावर घ्या आणि खाली 'गाणी उतरवण्यासाठी' असं लिहा. एकदाच वापरता येणारे कोड हवे असतील तर बँडकॅम्पवरून यादी निघते, छोट्या चिठ्ठ्यांवर डिजिटलमध्ये क्रमवार छापून घ्या.

दुकानात ठेवणार असाल तर वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग, सर्व करांसह एमआरपी. हे पाकिटावर छापू नका, वरच्या प्लास्टिकच्या पिशवीवर पारदर्शक स्टिकर लावा. बारकोडची टेबलावर गरज नाही, दुकानाने मागितला तर तोही त्याच स्टिकरवर. बी-साइड यांनी खर्चाचा तपशील छापण्याची गोष्ट सांगितली ती मला फार पटली. कागद, छपाई, चकती, स्टुडिओ, आणि विक्रीतून बँडला काय उरतं, एवढ्या पाच ओळी मागच्या बाजूला आल्या तर एमआरपीला अर्थ येतो.

वरची पिशवी ओपीपीची (कडक पारदर्शक प्लास्टिक), ४० मायक्रॉन, १३५ मिमी रुंद. चिकटपट्टी पिशवीच्या अंगावर असलेली मागा, झाकणावर नको: झाकणावर असली तर पाकीट आत-बाहेर करताना स्क्रीनची शाई उपटते. पीव्हीसीची पिशवी टाळा, ती दिवसांनी चिकट होते. श्रिंकरॅप नको, गरम हवेत आवळल्यावर पुठ्ठ्याचे कोपरे वाकतात. उरलेला साठा जमिनीपासून वर, उभा, खोक्यात सिलिका जेलसह. आडवे ढीग लावले की तळाचे कणे दबतात. पोस्टाने पाठवताना दोन्ही बाजूंना ३-प्लायच्या, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या, १४० मिमी पट्ट्या, एकीच्या नळ्या उभ्या आणि दुसरीच्या आडव्या.

उत्तररात्र

कणा ३ मिमी आणि त्यावर चिन्ह, असं ठरवलं. एक शेवटचं: तीसेक कॅसेटही काढाव्यात असं एका सदस्याला वाटतंय. त्याच चित्राचं जे-कार्ड, म्हणजे कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद, होईल का?

डबलक्रीज

तेच चित्र नको, उभ्या मांडणीत चिमणी एकटी घ्या. पुढची बाजू ६५ मिमी, कणा १२.७, मागची पट्टी १६, उंची १०१.६. १३×१९ च्या शीटवर बारा बसतात, म्हणजे तीस कॅसेटना तीन शीट, एक-दोन जास्तीची. १७० ते २०० जीएसएम घ्या. ३०० चा घेतला तर डबीची बिजागरी कागदाला चावते आणि झाकण पूर्ण बंद होत नाही. घड्या १०१.६ च्या दिशेने आहेत, म्हणून इथेही लाँग ग्रेन आणि प्रत्येक घडीला क्रीज. टोनर न क्रीज करता दुमडला की कण्यावर पांढऱ्या चिरा पडतात. इथे कणा १२.७ मिमी आहे, तेव्हा मराठी नाव मोठ्या अक्षरात घ्या. २६ मिनिटं म्हणजे बाजूला १३: सी-३० ची टेप भरा, सी-६० घेतली तर प्रत्येक बाजूला सतरा मिनिटं कोरी राहतील.

शाईवाला

ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या: ३०० एफबीबी लाँग ग्रेन, दोन रंग स्क्रीन एका बाजूला, पट्ट्यांवर शाई नाही, पंचिंग तीन-अप (एका शीटवर तीन), दोन क्रीज ३ मिमीवर, अर्धगोल २० मिमी, शीट ८५. आधी एक कोरी, न छापलेली डमी पंच करून मागा आणि तिच्यात पिशवीसकट चकती व घडी घातलेला कागद घालून बघा. डमी हातात आल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका. वेस्टेजची शीटही परत मागून घ्या, त्यावर पहिल्या रंगाच्या ज्या अर्धवट छापलेल्या प्रती असतात त्या लाँचच्या पोस्टरला लागतात.